नवी हार्डडिस्क बसवली, पण कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही? आधी हे वाचा

नवी हार्डडिस्क बसवली, पण 'धिस पीसी' उघडलं तर ती दिसतच नाही. डिस्क खराब निघाली असं समजून लगेच दुकानात परत करायला पळू नका. नवी डिस्क म्हणजे मोजणी न झालेली जमीन. गट पाडल्याशिवाय विंडोज तिला नाव देत नाही.

आधी बायोसमध्ये डिस्क दिसते का ते बघा. दिसत नसेल तर कॉम्प्युटर बंद करून साटा आणि पॉवरची केबल घट्ट बसवा. दिसत असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, तिथे 'इनिशियलाइझ' विचारतं. २ टीबीच्या वरच्या डिस्कला जीपीटीच निवडा, एमबीआरमध्ये त्यापुढची जागा वाया जाते. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' घ्या. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी १००० च्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या.

पण लग्नाचे फोटो किंवा सोसायटीचा हिशोब असलेली जुनी डिस्क जोडली आणि 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' विचारलं, तर सरळ कॅन्सल करा. आधी केबल बदलून बघा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. ओके दाबल्यावर डेटा परत मिळेलच याची खात्री कोणीच देत नाही.