परदेशी एका सत्रासाठी जाताना

पदवीच्या मधल्या काळात एक सत्र परदेशी विद्यापीठात शिकण्याची सोय आता बऱ्याच कॉलेजांत आहे. राजेश्वरकडच्या मुलांची पहिली अडचण मात्र पैशाची नसते, नावाची असते. कर्नाटकच्या एसएसएलसी गुणपत्रिकेवर अनेकदा नाव व आद्याक्षर एवढेच; पुढे लातूर-उदगीरला शिकले तर आडनाव आधी. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा राहिला, तर अमेरिकेच्या व्हिसावर मुलाचे नावच आडनाव होते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ येते. म्हणून पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वीच आधार, पॅन व गुणपत्रिका समोर ठेवून नाव एकसारखे करून घ्यावे.

बँकेतून पैसे पाठवताना पॅन व ए-2 फॉर्म लागतो. माणशी मर्यादा आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलर, म्हणजे एका सत्राला पुरून उरते. एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. त्यावर लागला तरी पावती जपा. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर तिकडे चालू ठेवा, नाहीतर ओटीपीअभावी खात्यात पैसे असून हात रिकामे.

तिथले क्रेडिट इथल्या पदवीत धरणार, हे कॉलेजकडून जाण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी होकारावर जाऊ नये.