धाब्याचे घर
धाब्याचे घर : महाराष्ट्राच्या पठारी, कोरड्या भागात, विशेषतः मराठवाडा व खानदेशात, रूढ असलेले सपाट मातीच्या छपराचे घर. भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फूट रुंद. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपतात. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी छपरात साणे ठेवतात.

या घराचा गारवा उष्णता अडवण्यापेक्षा ती साठवण्यातून येतो. जड भिंत सावकाश तापते. दुपारचे ऊन आतल्या बाजूस जाणवायला कित्येक तास लागतात आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. मात्र रात्री दारे-खिडक्या उघडून साठलेली उष्णता बाहेर जाऊ दिली, तरच हे साधते. कोकणात दिवसरात्रीच्या तापमानात फरक थोडा, म्हणून तिथे वारा खेळवणारे उतरते कौलारू छप्परच योग्य.

धाब्याच्या जागी आलेला चार-पाच इंची काँक्रीटचा उघडा स्लॅब ऐन झोपेच्या वेळी उष्णता आत सोडतो. मग पंखा तीच गरम हवा फिरवतो आणि कूलर, एसीचा खर्च वाढतो. स्लॅबवर वरून उष्णतारोधक थर व पांढरा लेप दिल्यास हा भार बराच कमी होतो. आतून दिलेला थर त्या मानाने कमी उपयोगी, कारण स्लॅब उन्हात तापतच राहतो. धाबे मात्र दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती मागते. ही मेहनत न झेपल्यानेच अनेकांनी ते सोडले. निवासी इमारतींसाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त छपरातून होणाऱ्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंश सेल्सिअस फरकामागे, 1.2 वॅट आहे.