देवघरचे शिक्षक सखाराम गणेश देउस्कर

बंगालमधील घराघरांत रडणाऱ्या मुलांना झोपवताना पिढ्यान्‌पिढ्या ‘बर्गी’ आल्याची भीती घालण्यात येत असे. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजेच नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत त्यांनी बंगालवर केलेल्या स्वाऱ्यांची आठवण तेथील अंगाईगीतात शिल्लक राहिली. मराठी माणसाचे नाव ज्या भाषेत असे रुजले होते, त्याच भाषेत दीडशे वर्षांनंतर एका मराठी शिक्षकाने देशाच्या दुरवस्थेवर एक पुस्तक लिहिले. बंगाली तरुणांनी ते डोक्यावर घेतले आणि सरकारने ते जप्त केले. त्या शिक्षकाचे नाव सखाराम गणेश देउस्कर. महाराष्ट्राला ते फारसे ठाऊक नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना तरी ते ठाऊक असायला हवे.

देउस्करांचे पूर्वज कोकणातील देऊस गावचे. अठराव्या शतकात मराठी सत्तेचा पूर्वेकडे विस्तार होत असताना हे घराणे देवघरजवळच्या करौं या खेड्यात येऊन स्थायिक झाले. आज हा भाग झारखंडात आहे. त्या काळी तो संथाळ परगणा जिल्ह्यात, म्हणजे बंगाल प्रांतात होता. सखारामांचा जन्म तेथेच १७ डिसेंबर १८६९ रोजी झाला. वयाच्या पाचव्या वर्षी आई गेली आणि विधवा आत्याने त्यांना वाढविले. आत्या मराठी वाङ्मय जाणणारी होती. घराबाहेर मराठीचा एक शब्दही कानी पडणार नाही अशा गावात सखारामांचे मराठी टिकले, त्याचे श्रेय या आत्याला द्यावे लागते. पुढे इतिहासात नाव न उरणाऱ्या अशा स्त्रियांनीच परप्रांतात भाषा सांभाळली, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

शिक्षण मात्र बंगालीत आणि इंग्रजीत झाले. देवघरच्या आर. मित्र हायस्कूलमधून ते १८९१ मध्ये प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८९३ मध्ये त्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. मायकेल मधुसूदन दत्त यांचे चरित्रकार योगींद्रनाथ बसू हे त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. श्री अरविंदांचे आजोबा राजनारायण बसू हेही आपल्या उत्तरायुष्यात देवघरलाच राहत. वैद्यनाथाच्या यात्रेचे आणि हवापालटाचे हे लहानसे गाव. पण अशा माणसांच्या सहवासामुळे कलकत्त्यात काय चालले आहे, याची चर्चा तेथे नित्य होत असे.

देवघरचे राजकारण समजून घ्यायचे तर त्या जिल्ह्याची घडण ध्यानात घेतली पाहिजे. १८५५ च्या संथाळ उठावानंतर सरकारने हा स्वतंत्र जिल्हा निर्माण केला आणि बंगालचे नेहमीचे कायदेकानू त्यातून वगळले. परिणामी तेथील गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाती असाधारण सत्ता एकवटली. कौन्सिलात प्रश्न विचारणे, काँग्रेसच्या अधिवेशनात ठराव मांडणे या गोष्टी दूरच्या. देवघरच्या रहिवाशाच्या दृष्टीने सरकार म्हणजे समोर बसलेला मॅजिस्ट्रेट.

१८९४ मध्ये हार्ड नावाचा मॅजिस्ट्रेट तेथे होता आणि त्याच्या जुलमाने लोक त्रासले होते. चोवीस वर्षांच्या या शिक्षकाने कलकत्त्याच्या ‘हितवादी’ या बंगाली साप्ताहिकात त्याच्याविरुद्ध लेख लिहिण्यास प्रारंभ केला. ‘हितवादी’ १८९१ मध्ये सुरू झाले होते आणि रवींद्रनाथांच्या आरंभीच्या कथा त्यातूनच प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यामुळे देवघरची गाऱ्हाणी आता साऱ्या सुशिक्षित बंगालच्या नजरेस पडू लागली. हे लेखन थांबले नाही तर शाळेतून काढून टाकीन, अशी धमकी मॅजिस्ट्रेटने दिली. देउस्करांनी नोकरी सोडली, कलकत्ता गाठले आणि त्याच ‘हितवादी’त मुद्रितशोधकाचे काम पत्करले. शिक्षकी पेशातील मान सोडून छापखान्यात मुद्रिते तपासत बसणे ही त्या काळी लहानसहान उतरण नव्हती. पुढे स्वतःच्या योग्यतेवर ते त्याच पत्राचे संपादक झाले.

देवघरच्या अनुभवाने त्यांना एक दृष्टी दिली. एका अधिकाऱ्याची बदली झाली म्हणून गाव सुखी होत नाही. शेतकरी का नागवला गेला, विणकर का देशोधडीला लागला, याची कारणे देवघरात सापडत नाहीत. ती शोधण्यासाठी त्यांनी दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी आणि रमेशचंद्र दत्त यांचे ग्रंथ अभ्यासले. हे सारे ग्रंथ इंग्रजीत होते, म्हणजे ज्यांची लूट होत होती त्यांच्या आवाक्याबाहेर होते. १९०४ मध्ये देउस्करांनी ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालीत प्रसिद्ध केले. त्यातील आकडेवारी बरीचशी या पूर्वसुरींची आहे. अर्थशास्त्रातील नवा सिद्धान्त त्यात शोधू नये. देशाच्या संपत्तीचा बाहेर वाहणारा ओघ, कारागिरांचा विनाश आणि शेतकऱ्यांची दैना त्यांनी कोणाही वाचत्या माणसाला कळेल अशा भाषेत मांडली, हे त्या पुस्तकाचे बळ. ‘कृषकेर सर्वनाश’ ही शेतकऱ्यांविषयीची पुस्तिकाही त्याच वर्षीची.

पुस्तकातील एक प्रकरण शिक्षकाच्या लेखणीतूनच उतरावे असे आहे. त्याचा विषय ‘सम्मोहन-चित्तविजय’. राज्यकर्ता केवळ भूमी जिंकत नाही, तो शिक्षणाद्वारे जितांचे मनही जिंकतो. मग जित स्वतःकडे राज्यकर्त्याच्याच डोळ्यांनी पाहू लागतो आणि स्वतःला हीन मानतो, असे त्याचे प्रतिपादन. वर्गात उभे राहून परक्यांनी रचलेला इतिहास शिकविल्याशिवाय हे इतक्या स्पष्टपणे उमगणे कठीण.

पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती काही महिन्यांतच संपल्या. वंगभंगाच्या वर्षी, १९०५ मध्ये, दुसरी दोन हजारांची आणि तिसरी पाच हजारांची आवृत्ती काढावी लागली. १९०८ पर्यंत पाच आवृत्त्या मिळून तेरा हजार प्रती निघाल्या. स्वदेशी चळवळीची मनोभूमी तयार करण्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा होता, असा निर्वाळा पुढे श्री अरविंदांनी दिला. ‘स्वराज्य’ हा शब्द देउस्करांनीच शिवचरित्राच्या निमित्ताने बंगालमध्ये प्रथम आणला, असेही त्यांनी नमूद केले आहे.

शिवचरित्राचा हा धागा टिळकांकडून आलेला. टिळकांना ते आपले राजकीय गुरू मानीत आणि त्यांच्याच आदर्शावर त्यांनी कलकत्त्यात शिवाजी उत्सवाचा पाया घातला. त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तिकेसाठी १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. बर्गींच्या आठवणी जागत्या असलेल्या समाजाकडून शिवरायांना असा स्वीकार मिळवणे सोपे नव्हते. रानडे आणि बाजीराव यांच्यावरही त्यांनी बंगालीत पुस्तके लिहिली होती; मराठ्यांची दुसरी ओळख करून देण्याचे काम ते काही वर्षे चिकाटीने करीत होते. १९०६ च्या उत्सवाला स्वतः टिळक कलकत्त्यास आले. मात्र त्या वर्षी उत्सवात भवानीची पूजा झाली आणि ब्राह्मो व मुसलमान समाजांत नाराजी उमटली. राष्ट्रीय म्हणविणाऱ्या उत्सवात सर्वांना जागा आहे काय, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. उत्सवाच्या उत्साहात त्याला पुरेसे उत्तर मिळाले नाही, हे मान्य करावे लागते.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस फुटली. टिळकांविरुद्ध अग्रलेख लिहावा, असे ‘हितवादी’च्या चालकांनी सुचविले. देउस्करांनी लिहिले नाही, संपादकपद सोडले. १८९४ मध्ये लिहिले म्हणून नोकरी गेली होती, आता लिहिले नाही म्हणून गेली. त्यानंतर राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या संस्थेत ते बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकवू लागले. एका मराठी माणसाने बंगाली मुलांना बंगाली शिकवावे, याचे तेव्हा तेथे कोणाला नवल वाटले नसावे. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्या खटल्याची हकीकत आणि टिळकांचे संक्षिप्त चरित्र त्यांनी बंगालीत प्रसिद्ध केले.

सप्टेंबर १९१० मध्ये सरकारने ‘देशेर कथा’ जप्त केली. संस्थेचे चालक धास्तावले. आपल्यामुळे विद्यार्थ्यांच्या संस्थेवर गदा येऊ नये म्हणून देउस्कर तेथूनही बाजूला झाले. ही तिसरी वेळ. पुस्तक मात्र एव्हाना बंगालबाहेर पोहोचले होते. काशीत जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर हे नात्याने देउस्करांचे भाचे. त्यांनी ‘देश की बात’ या नावाने त्याचा हिंदी अनुवाद केला. पुढे हेच पराडकर काशीच्या ‘आज’ या दैनिकाचे संपादक आणि हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ झाले. मामाने बंगालीत आणि भाच्याने हिंदीत लिहिले. आपण राहतो त्या प्रांताची भाषा ही परकी भाषा, असे दोघांपैकी कोणीच मानले नाही. मराठीत त्यांनी मोठे लेखन केले नाही, याची खंत मराठी वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्यासाठी लिहायचे ते शेजारी बंगाली बोलत होते.

घरातील दुःखांनी आणि आजाराने खचलेले देउस्कर अखेरीस करौंला परतले. २३ नोव्हेंबर १९१२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्रेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चोवीस दिवस उरले होते आणि ‘देशेर कथा’वरील बंदी तशीच होती.