बार्बियानाची शाळा आणि पालकांसाठी लिहिलेले पत्र

जून महिना आला की शाळाशाळांतून पालकसभा भरतात. नुकतीच पाचवी-सहावीत गेलेल्या मुलांचे आईवडील लहानशा बाकांवर अंग चोरून बसतात आणि मुख्याध्यापक शिस्त, गृहपाठ, परीक्षा यांची माहिती देतात. शाळेच्या आपल्याकडून कोणत्या अपेक्षा आहेत, हे आम्ही पालक मान डोलावून ऐकतो. परंतु पालकांनी शाळेकडून कोणती अपेक्षा बाळगावी, हा प्रश्न त्या सभेत सहसा उठत नाही. तो प्रश्न विचारण्यास पालकांना शिकविणारी एक शाळा इटलीच्या डोंगरात होऊन गेली. ती एका धर्मगुरूने चालविली होती. तिची हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

फादर लोरेन्झो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्स येथील एका सधन, विद्याव्यासंगी घराण्यात झाला. आई ज्यू वंशाची. तरुणपणी त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. परंतु १९४३ साली ते सेमिनरीत दाखल झाले आणि १९४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कालेंझानो येथे सहायक धर्मगुरू असताना त्यांच्या ध्यानी आले की, कामगार आणि शेतकरी प्रवचनाला बसतात खरे, पण शब्दच कळत नसतील तर सुवार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचणार कशी? म्हणून त्यांनी तेथे रात्रशाळा काढली व तिचे दार सर्व पक्षांच्या तरुणांना खुले ठेवले. हे अनेकांना रुचले नाही. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांची रवानगी बार्बियाना या आडरानातील धर्मग्रामात झाली.

बार्बियाना म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेली थोडी घरे. तेथे ना धड रस्ता, ना वीज, ना नळाचे पाणी. दुसरा कोणी बदलीची वाट पाहत बसला असता. फादर मिलानींनी तेथे पोहोचताच दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली. आपण येथून जाणार नाही, हे त्यांनी अशा रीतीने लोकांना सांगितले. मग चर्चला लागून असलेल्या घरात त्यांनी प्राथमिक शिक्षण संपलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली.

या शाळेची रीत निराळी होती. शाळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वर्षाचे ३६५ दिवस चाले. घंटा नाही, गुण नाहीत, नापास करणे नाही. मोठी मुले लहानांना शिकवीत, आणि ज्याला समजले नाही त्याच्यासाठी सारा वर्ग थांबे. रोज वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन होई व अडलेल्या प्रत्येक शब्दाचा छडा लावला जाई. मुले परकीय भाषा शिकत, आणि त्यांपैकी काही पुढे परदेशी जाऊन काम करीत त्या भाषेत मुरत. भिंतीवर इंग्रजीत दोनच शब्द लिहिलेले होते : 'आय केअर'. म्हणजे, दुसऱ्याचे दुःख हे माझेही आहे.

पालकांकडून या शाळेची अपेक्षा मोठी होती. शेतावर आणि गोठ्यात राबणारे हात त्यांनी शाळेला द्यायचे होते. गरीब घराला हा त्याग हलका नसतो. मुलांना मात्र सुट्टी नसल्याचे दुःख वाटले नाही, कारण त्यांची सुट्टी म्हणजे शेण उपसणे.

याच सुमारास इटलीत मोठा बदल झाला. तोवर प्राथमिक शिक्षणानंतर मुलांच्या वाटा फुटत : लॅटिन शिकविणारी शाळा पुढील विद्येकडे नेई, दुसरी कामधंद्याकडे. ३१ डिसेंबर १९६२ च्या कायद्याने अकरा ते चौदा वयाच्या सर्व मुलांसाठी तीन वर्षांची एकच माध्यमिक शाळा ठरविली. कायदा चांगला होता. पण वर्गात जुनीच चाळणी फिरत राहिली आणि गरिबांची मुले नापास होऊन गळत राहिली.

बार्बियानाची दोन मुले पुढे शिक्षक होण्याच्या शाळेत गेली आणि तेथे नापास झाली. त्यातून आठ मुलांनी मिळून पुस्तक लिहिले : 'एका शिक्षिकेस पत्र'. ते मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. नाव शिक्षिकेचे असले, तरी ते आपण पालकांसाठी लिहीत आहोत, असे मुलांनी आरंभीच सांगून टाकले. डॉक्टरांचा पिएरिनो घरूनच भाषा घेऊन येतो व पुढे सरकतो. मजुराचा जान्नी तीच परीक्षा देऊन बाहेर फेकला जातो. हा दैवाचा खेळ नाही, हे मुलांनी आकडेवारी मांडून दाखविले. त्यांच्या मागण्या तीन होत्या : नापास करू नका, मागे पडणाऱ्याला पूर्ण दिवस शाळा द्या, आणि आळशी वाटणाऱ्याला शिकण्याचे ध्येय द्या. मराठीतही हे पुस्तक 'प्रिय बाई' या नावाने आले आहे.

पुस्तक निघाल्यानंतर काही आठवड्यांतच, २६ जून १९६७ रोजी, ४४ वर्षांच्या फादर मिलानींचे कर्करोगाने निधन झाले. त्यांची जीभ तिखट होती व शिस्त कडक. त्या पत्राने अनेक प्रामाणिक शिक्षकांची मने दुखावली, हेही नमूद केले पाहिजे. १९५८ साली त्यांचे पहिले पुस्तक धर्माधिकाऱ्यांच्या आदेशाने विक्रीतून काढून घेण्यात आले होते. परंतु २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली.

हा प्रश्न आपल्या दारातही उभा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच इयत्तेत मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला तशी मुभा राज्यांना दिली, आणि २०२३ साली महाराष्ट्राने ती स्वीकारली. नापास न करणे म्हणजे न शिकवताच पुढे ढकलणे नव्हे, ही गोष्ट बार्बियानाने कष्टाने सिद्ध केली होती. ते कष्ट टाळून केवळ नियम बदलल्याने मूल शिकत नाही.

नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पालकसभेत मात्र आपण आपल्याच मेंढराची चौकशी करून घरी परततो. यंदाच्या सभेत आपल्या मुलाचे गुण विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा, एवढीच आमची विनंती आहे : गेल्या वर्षी या वर्गात होते आणि यंदा दिसत नाही, ते मूल कोठे गेले?