दूरध्वनीची मांडणी

स्वयंपाकघरांतील भांड्यांची मांडणी आणि दूरध्वनि-केंद्रांतील यंत्रांची मांडणी यांत फारसें अंतर नाहीं. दोन उभे खांब, त्यांमध्यें कप्पे, आणि प्रत्येक वस्तूस ठरलेली जागा. अमेरिकेंत १९२२ च्या सुमारास या लोखंडी चौकटीची रुंदी एकोणीस इंच ठरली; पुढें साऱ्या जगानें तेंच माप उचललें. दूरध्वनीच्या इतिहासांत बेल आणि मार्कोनी यांचीं नांवें येतात, चौकटीचें येत नाहीं. पण खेड्यांपर्यंत दूरध्वनि कसा पोंचला, याचें उत्तर बऱ्याच अंशीं तिच्यापाशींच आहे.

यवतमाळ जिल्हा डोळ्यांपुढें आणावा. एका बाजूस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा, पुसदकडे डोंगर, आणि सपाटीवर कापसाची काळी जमीन. ही जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तींत रोवलेले खांब कलतात, पुरलेल्या तारा ताणल्या जातात. १३,५८२ चौरस किलोमीटरांच्या या मुलुखांत झरी-जामणीकडील एखाद्या कोलाम पोडापर्यंत तार नेणें म्हणजे दोन-चार दूरध्वनींसाठीं कोसच्या कोस तांबें अंथरणें होय.

खेड्यांतल्या केंद्राचे खरे शत्रु दोन: ऊन आणि धूळ. परदेशी बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक केंद्रांस थंड, बंदिस्त खोली लागे. मे महिन्यांत ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या मुलुखांत ती कोठून आणावी? १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें हा प्रश्न हातीं घेतला. तिचें १२८ जोडण्यांचें ग्रामीण केंद्र १९८६ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें सुरू झालें, तेंही वातानुकूलित खोलीवांचून. कार्डें चौकटींत उभीं बसवून त्यांमध्यें मोकळी जागा ठेवली, कीं तापलेली हवा वर जाते व खालून गार हवा येते. घरच्या धुराड्याचें तत्त्व तें हेंच. एखादें कार्ड बिघडलें तर तें ओढून काढावें आणि दुसरें सारावें. एवढ्यासाठीं शहरांतून इंजिनियर येण्याची वाट पाहाण्याचें कारण उरलें नाहीं.

परंतु केंद्र गांवांत आलें तरी तेथून वाड्यांपर्यंतची तार राहिलीच. प्रथम दोन रेडिओ-मार्ग पंधरा दूरध्वनींनीं वांटून घेण्याची पद्धति आली. १९९४ च्या दूरसंचार धोरणानें सर्व गांवांना दूरध्वनीचें वचन दिलें, आणि पुष्कळ गांवांच्या वांट्यास हीच पद्धति आली. तीं यंत्रें इतक्या वेळां मुकीं होत, कीं पुढें सरकारास तीं बदलावीं लागलीं.

त्याच दशकांत मद्रासच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. अशोक झुनझुनवाला व त्यांचे सहकारी यांनीं मिडास कंपनीबरोबर ‘कॉर-डेक्ट’ ही पद्धति सिद्ध केली. तिचें मुख्य यंत्र हजार ग्राहकांपर्यंतचें काम पाही. मनोऱ्यावरील लहानसें स्थानक एका वेळीं बारा संभाषणें वाही आणि दृष्टिपथांत दहा किलोमीटरपर्यंत पोंचे. मध्यें पुनःक्षेपक ठेवल्यास पंचवीस. मुख्य यंत्रापासून स्थानकापर्यंत जाणाऱ्या त्याच तारांच्या जोड्यांतून बोलणेंही जाई आणि वीजही. मनोऱ्याखालीं निराळी विजेची सोय करावी लागत नसे. ग्राहकाच्या भिंतीवर फक्त एक पेटी, एक अँटेना आणि नेहमींचा दूरध्वनि.

२००० नंतर मोबाइलचे मनोरे उभे राहिले आणि त्या पेटीची निकड संपली. या नव्या मनोऱ्यांच्या पायथ्याशीं असलेलें कपाट उघडून पाहिलें, तर आंतील यंत्रें बहुधा त्याच एकोणीस इंची चौकटींत बसविलेलीं आढळतात.