कौटुंबिक दस्तऐवजांचे संगणकीय जतन

वंशावळ व कुलवृत्तांत यांच्या संशोधनासाठी जमवलेल्या कागदपत्रांच्या आणि छायाचित्रांच्या संगणकीय प्रती सहज सापडतील अशा रीतीने लावून जपण्याची पद्धती. महाराष्ट्रात या सामग्रीत मोडी कागद, फेरफार, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी मोडतात.

मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवणे इष्ट. जेपेग फाइल वारंवार बदलून साठवल्यास तिचा दर्जा घटतो. कागदासाठी सामान्यतः ३००, तर लहान छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय घनता वापरतात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना व दिवस लिहिल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. शके-मिती असल्यास ती नोंदीत मूळ रूपातच राखून शेजारी इसवी सन देतात. त्यासाठी शकात ७८, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवतात.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या येते. म्हणून प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र क्रमांक देणे आवश्यक ठरते. छायाचित्रातील माणसे, स्थळ आणि मूळ कागद कोणाकडे आहे, हेही नोंदवावे. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर ठेवून त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी.