अमेरिकेची जीभ, ब्रिटनचे नाक

१/ कॅम्पर ट्रेलर आपल्या पुढच्या टोकाने मोटारीच्या हिचवर जो खालच्या दिशेने भार टाकतो, त्याला अमेरिकेत ‘टंग वेट’, म्हणजे जिभेचे वजन म्हणतात. ब्रिटनमध्ये ‘नोज वेट’, नाकाचे वजन. भेद केवळ नावाचा नाही. अमेरिकी संकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांचा, ब्रिटिश संकेत ५ ते ७ टक्क्यांचा. १५०० किलोच्या ट्रेलरसाठी तिकडे १५० ते २२५ किलो, इकडे ७५ ते १०५. निसर्गनियम एकच असताना आकडे दोन का? आजचा थ्रेड त्याविषयी. 🧵

२/ बैलगाडी भरणाऱ्याला यातले अर्धे शास्त्र ठाऊक असते. मागे भार वाढला की गाडी उलाळते, जू मानेवरून उचलले जाते. पुढे वाढला की बैलांची मान दबते. उरलेले अर्धे शास्त्र वेगाचे आहे. मागे जड असलेला ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलू लागतो. वेग वाढेल तसे हे डोलणे शमायला अधिक वेळ लागतो आणि एका मर्यादेपलीकडे ते शमण्याऐवजी वाढत जाते. मग ट्रेलरच मोटारीला फिरवतो.

३/ विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचा ट्रेलर काढला. त्याची जोडणी मोटारीच्या मागच्या भागात आडव्या बसवलेल्या, हवा भरलेल्या चाकात होती. भार बंपरमागे लोंबकळत नसे आणि धक्केही शोषले जात. माझ्या मते त्या काळातील हे सर्वांत समंजस उत्तर होते. पण ते श्रीमंतांपुरते राहिले.

४/ बाजार जिंकला तो स्वस्त ट्रेलरने. डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांची ‘कव्हर्ड वॅगन’ कंपनी महामंदीच्या काळातच भरभराटीला आली. अशा ट्रेलरना मोटारीच्या मागे एक गोळा पुरे. आणि तो अनेकदा थेट बंपरलाच जोडलेला असे.

५/ मागच्या चाकांच्याही मागे टाकलेला भार तरफेसारखा वागतो: मागची स्प्रिंग दबते, पुढची चाके हलकी होतात, सुकाणू आणि ब्रेक दोन्ही सैल पडतात. महायुद्धानंतर अमेरिकेत रुळलेल्या भारवाटप हिचने यावर तोडगा काढला. त्यातील स्प्रिंगच्या दांड्या या भाराचा काही हिस्सा मोटारीच्या पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे परत ढकलतात. भक्कम चौकटीची लांब मोटार आणि हा हिच, या जोडीवरच १५ टक्क्यांची चैन परवडली.

६/ युरोपात मोटारी लहान. तेथे हिचवरील उभ्या भाराची मर्यादा बहुधा ५० ते १०० किलोच्या आसपास. म्हणून कॅरॅव्हॅनची चाके मध्याजवळ आली, डोलणे रोखायला घर्षणाचे स्टॅबिलायझर आले, आणि कायद्याने वेग बांधला: ब्रिटनमध्ये मोटरवेवर ताशी ६० मैल, जर्मनीत मुळात ८० किलोमीटर. युरोपने नाक हलके ठेवले आणि त्याची किंमत वेगात मोजली, असे मी म्हणेन. ५ टक्क्यांचा आकडा उचलून अमेरिकी वेगाने जाणे म्हणूनच धोक्याचे.

७/ हिचच्या वर्गवारीतही एक गोम आहे. अमेरिकेत दुसऱ्या वर्गाचा हिच साधारण १५८८ किलोच्या ट्रेलरसाठी असतो, पण त्याची उभ्या भाराची मर्यादा १५९ किलो, म्हणजे बरोबर १० टक्के. तेवढाच ट्रेलर जोडून जीभ १५ टक्क्यांवर नेली तर भार २३८ किलो होतो. ओढण्याची मर्यादा पाळली, हिच मात्र ओलांडला. शिवाय मोटार, हिच आणि गोळा या तिघांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच खरी.

८/ आणि हा भार स्थिर नसतो. चाकांच्या मागे असलेली १०० लिटरची टाकी भरली की मागे १०० किलो वाढतात आणि जीभ हलकी होते. टाकी पुढे असेल तर उलट. त्यामुळे वजन कारखान्याच्या पाटीवरून धरायचे नसते. सामान आणि पाणी भरल्यावर, ट्रेलर सपाट जमिनीवर ठेवून, जोडणीखाली काटा लावून ते मोजायचे असते.